नदीने घडवलेला की पिंपात घोळवलेला?

गेल्या अंकात चीनच्या शिनजियांगमधल्या खोतान या गावाच्या नदीत मिळणाऱ्या जेडचा, म्हणजे दागिन्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या दगडाचा, ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेली पत्रं वाचून लक्षात आलं, की अनेकांच्या कपाटात असा एखादा गोटा, बांगडी किंवा लोलक जपून ठेवलेला आहे आणि तो खरा की खोटा ही रुखरुखही सोबत आहे. रत्नपरीक्षेच्या प्रयोगशाळेत मी ३१ वर्षं काढली. त्यातली शेवटची काही वर्षं माझ्या टेबलावर मुख्यतः जेडच यायचा. म्हणून या वेळी दुसरा विषय घेत नाही.

प्रश्न : ताई, माझा मुलगा उरुम्चीला नोकरी करतो. खोतानला गेला होता तेव्हा त्याने माझ्यासाठी अंड्याएवढा पांढरा गोटा आणला. एका अंगाला तांबूस साल आहे. ३,८०० युआन दिले म्हणाला. सोबतच्या प्रमाणपत्रावर ‘हतियान यू’ असं लिहिलंय. म्हणजे तो नदीतला खरा जेड आहे ना?

प्रमाणपत्र खरं असेलही, पण तुम्ही जे विचारताय त्याचं उत्तर त्यात नाही. हतियान हे खोतानचं चिनी नाव आणि यू म्हणजे जेड. साहजिकच वाटतं, की दगड खोतानचा. चीनच्या राष्ट्रीय मानकात मात्र हे नाव आता गावाचं राहिलेलं नाही, दगडाच्या जातीचं झालंय. ट्रेमोलाइट खनिजाच्या अतिसूक्ष्म तंतूंची घट्ट वीण असलेला दगड, म्हणजेच नेफ्राइट, असला की झालं. मग तो चिंगहाय प्रांतातला असो, रशियात बैकल सरोवराच्या पलीकडचा असो की दक्षिण कोरियातल्या छुनछनच्या खाणीतला असो, कागदावर ‘हतियान यू’च येणार. यात कुणी खोटं बोलत नाही. विकणारा फक्त गप्प बसतो आणि उरलेलं घेणारा स्वतःच्या मनाने जोडतो.

मी स्वतः प्रत्येक गोट्याला तीन वेगवेगळे प्रश्न विचारते. हा नेफ्राइट आहे का? असेल तर त्याला नदीने घडवलंय का? आणि नदीने घडवलं असेल तर कुठल्या? पहिल्याचं उत्तर काटा देतो, दुसऱ्याचं भिंग देतं. तिसऱ्याचं उत्तर फक्त प्रयोगशाळा देऊ शकते, आणि तीही दर वेळी नाही. तुमच्या प्रमाणपत्राने पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलंय. तुमच्या मुलाने पैसे मोजले ते मात्र दुसऱ्या आणि तिसऱ्यासाठी.

एक गोष्ट आजच करून बघा. प्रमाणपत्रावर दगडाचा फोटो आणि ग्रॅममध्ये वजन असतं. तुमचा गोटा काट्यावर ठेवा आणि वजन जुळतं का पाहा. एका दगडाचं प्रमाणपत्र दुसऱ्याच्या डबीत घातल्याची उदाहरणं मी हाताळली आहेत. वजन जुळलं तर सालीकडे वळा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते.

प्रश्न : खऱ्या जेडवर केस गुंडाळून काडी लावली तर केस जळत नाही, खरा जेड काच ओरखडतो, गालाला लावला तर गार लागतो. या तिन्ही परीक्षांत आमचा दगड उतरला. आता निर्धास्त राहायचं ना?

नाही हो. या तिन्ही परीक्षांत प्लास्टिक तेवढं नापास होतं.

केस जळत नाही, कारण दगड त्याची उष्णता झपाट्याने ओढून घेतो. संगमरवर घ्या नाहीतर गारगोटी घ्या, केस तसाच राहील. गार लागण्याचंही तेच. काच ओरखडण्याची परीक्षा तर उलट फसवते. खनिजांच्या १ ते १० या कठिणतेच्या मोजपट्टीवर नेफ्राइट ६ ते ६.५. पांढऱ्या जेडच्या नावाने सर्रास खपवला जातो तो क्वार्ट्झाइट, म्हणजे गारगोटीच्याच कुळातला दगड, आणि त्याची कठिणता ७. तो काच जेडपेक्षाही सहज ओरखडतो. म्हणजे या परीक्षेत नकली दगड पहिला येतो! आणि कृपा करून काडी लावू नका. पॉलिश केलेल्या जेडवर बहुधा मेणाचा हात दिलेला असतो. ते मेण वितळून चट्टा पडला, की चांगल्या वस्तूची कळा जाते.

घरी करण्यासारखी, दगडाला इजा न करणारी आणि खरंच काही सांगणारी परीक्षा एकच, पाण्यातलं वजन. ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा डिजिटल काटा घ्या. आधी गोट्याचं कोरडं वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याने अर्धं भरलेलं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. गोट्याला बारीक दोरा बांधा आणि तो पाण्यात पूर्ण बुडेल असा हाताने लोंबता धरा. तळाला टेकू द्यायचा नाही, काठाला लागू द्यायचा नाही, अंगाला बुडबुडे चिकटले असतील तर हलवून सोडवायचे. आता काटा जो आकडा दाखवेल तो गोट्याने बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा.

गेल्या महिन्यात एका वाचकाने दोन गोटे पाठवले होते. दिसायला सख्खी भावंडं. पहिल्याचं कोरडं वजन ११८.० ग्रॅम, पाण्यात ४०.०. भागाकार २.९५. दुसरा ८६.४ ग्रॅम, पाण्यात ३२.६. भागाकार २.६५. पहिला नेफ्राइटच्या घरात बसतो, कारण नेफ्राइट साधारण २.९ ते ३.०३ मध्ये असतो आणि चांगला दाट दगड बहुतेक २.९५ च्या आसपास. दुसरा क्वार्ट्झाइट. त्या वाचकाने दुसऱ्यासाठी जास्त पैसे दिले होते, कारण तो जास्त पांढरा होता.

बाकीचे आकडेही वहीत टिपून ठेवा. सर्पेंटाइन, म्हणजे जेड म्हणून खपवला जाणारा एक मऊसर हिरवट दगड, २.६ च्या आसपास, कॅल्साइटचा संगमरवर २.७१, आणि ३.३ च्या पुढे गेलात तर जेडाइटची शक्यता. ब्रह्मदेशातून येणारा तो गडद हिरवा जेड म्हणजे जेडाइट. या दोन वेगळ्या खनिजांना आपण एकाच नावाने हाक मारतो, हे १८६३ साली अलेक्सी दामूर या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने दाखवून दिलं.

दोन ठिकाणी ही परीक्षा अडते. डोलोमाइटी संगमरवर २.८५ पर्यंत जातो, म्हणजे नेफ्राइटच्या दारापर्यंत येतो. तिथे न दिसणाऱ्या जागी टाचणीचं टोक दाबून ओढा. डोलोमाइटवर चरा उमटतो, नेफ्राइटवर नाही. नेफ्राइटवरही एक करडी रेघ दिसेल, तेव्हा घाबरू नका. ओल्या अंगठ्याने चोळा, पुसली गेली तर ती टाचणीच्या लोखंडाची. दुसरी अडचण काचेची. काच हव्या त्या वजनाची बनवता येते, म्हणून तिच्या बाबतीत आकड्यावर विसंबू नका. भिंगाखाली गोल बुडबुडे आणि पाकासारख्या वळणदार रेषा शोधा.

प्रश्न : माझ्याकडच्या गोट्याचा आकडा २.९४ आला. आता तो खरंच नदीतला आहे की नाही हे सालीवरून कसं ओळखायचं? व्हिडिओत सगळे ‘सालीवर घामाची छिद्रं बघा’ म्हणतात, पण मला काहीच कळत नाही.

मलाही पहिल्यांदा कळलं नव्हतं, म्हणून ते आधी सांगते.

खोतान दोन नद्यांच्या मध्ये वसलंय. पूर्वेला युरुंगकाश, पश्चिमेला काराकाश. उइगुर भाषेत काश म्हणजे जेड, युरुंग म्हणजे पांढरा, कारा म्हणजे काळा. दोन्ही नद्या कुनलुन पर्वतातून उतरतात, खोतानच्या उत्तरेला तकलामकानच्या वाळवंटात शिरतात आणि तिथे एकत्र होतात. उन्हाळ्यात बर्फ वितळून पूर येतो, त्यात वरचा जेड घरंगळत खाली येतो. शरद ऋतूत पाणी ओसरलं, की माणसं पात्रात उतरतात. मी २०११ च्या सप्टेंबरमध्ये युरुंगकाशच्या काठावर उभी होते. नजर पोचेल तिथवर राखाडी गोटे आणि त्यांत यंत्रांनी खणलेले खड्डे. गुडघाभर पाण्यातून एक माणूस आला. बाही कोपरापर्यंत ओली, मुठीत एक पांढरा गोटा, त्यावर केशरी साल. आत्ताच सापडला म्हणाला. मी तो ओलाच हातात घेतला. तो क्षणच असा होता, की दगडाकडे मी पारखी म्हणून पाहिलंच नाही. ६०० युआन दिले.

रात्री खोलीवर गोटा वाळला. दिव्याखाली दहापट भिंगातून पाहिला आणि माझं मन खट्टू झालं. ६०० युआनचं एवढं नव्हतं. त्या नदीला भेटायला मी किती वर्षं थांबले होते, आणि तिच्या काठावरून मी पिंपात घोळवून नदीतला भासवलेला दगड घेऊन आले होते, हे लागलं.

तो गोटा अजून माझ्या टेबलावर आहे. शेजारी दुसरा आहे, एका जुन्या खोतानी कारागिराने मला शिकण्यासाठी म्हणून दिलेला, खात्रीचा. शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी हे दोन गोटे आणि भिंग देते आणि अर्धा तास काही बोलत नाही. तुम्हाला तसं करता येणार नाही, म्हणून मला काय दिसतं ते लिहिते.

खात्रीच्या गोट्यावर सपाट अशी जागाच नाही. कुठूनही बोट फिरवायला सुरुवात करा, वळण संपत नाही. कडा अशी सापडत नाही. भिंगाखाली पृष्ठभाग माणसाच्या कातडीसारखा दिसतो, म्हणून तर चिनी पारखी त्याला घामाची छिद्रं म्हणतात. बारीक खड्डे आहेत, पण एकासारखा दुसरा नाही. काही उथळ, काही खोल, काही चंद्रकोरीच्या आकाराचे. ही चंद्रकोर म्हणजे दुसऱ्या दगडाच्या टोल्याची खूण. नेफ्राइटचे तंतू एकमेकांत इतके गुंतलेले असतात, की टोला बसला तरी कपचा उडत नाही, फक्त मुका मार बसतो. असे असंख्य टोले, आणि मधल्या काळात वाळूने केलेली घासणी. त्यामुळे जुने खड्डे गुळगुळीत झालेले, नवे जरा तीक्ष्ण, आणि सगळे एकमेकांवर चढलेले. गोट्याला एका बाजूला खोलगट खळगा आहे. त्या खळग्याच्या आतही तसाच मऊ स्पर्श लागतो, कारण पाणी आणि वाळू तिथेही पोचली.

आता माझा ६०० युआनचा. आधी आकार. लांबून तो गोल वाटतो, पण टेबलावर ठेवून फिरवला, की एका बाजूवर घट्ट बसतो. तिथे करवतीने कापलेली जुनी सपाटी आहे, फक्त तिच्या कडा झिजवल्या आहेत. खाणीतला दगड तोडून त्याचे तुकडे वाळू-खड्यांसह फिरत्या पिंपात दिवसेंदिवस घोळवले, की असा आकार येतो. भिंगाखाली खड्डे आहेत, पण सगळे एकाच मापाचे, एकाच खोलीचे, एकाच वयाचे. सुईने टोचून ठेवल्यासारखे. मधूनच समांतर ओरखडे. उंचवटे चकचकीत आणि खळग्याच्या तळाशी पृष्ठभाग खरखरीत, कारण पिंपातले खडे तिथे पोचलेच नाहीत.

आणि रंग. खोतानच्या गोट्यावरची तांबूस, पिवळी किंवा तपकिरी साल म्हणजे लोहाचा रंग. नदीच्या तळाशी, वाळूत गाडलेल्या अवस्थेत लोह हळूहळू आत मुरतं. जिथे वीण सैल तिथे जास्त, जिथे घट्ट तिथे जवळजवळ नाही. म्हणून खऱ्या सालीला उतरण असते. बाहेर गडद, मग फिकट, मग पिवळसर छटा, आणि नेमका कुठे पांढरा सुरू झाला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. माझ्या गोट्यावरचा केशरी रंग खड्ड्यांच्या तळाशी आणि भेगांत थेंबासारखा साचलाय, आणि त्याच्या लगेच शेजारी पांढरी भिंत. मध्ये काही नाही.

भेगेत रंग दिसला म्हणून लगेच खोटा ठरवू नका. खऱ्या गोट्यातही लोह भेगेतून आत जातं. पाहायचं ते एवढंच, की भेगेपासून दूर जाताना रंग विरत जातो का, की कापल्यासारखा संपतो. ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापूस सालीवर चोळून पाहतात. कापसाला रंग लागला तर प्रश्न मिटला. लागला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण तापवून आणि मुरवून दिलेला रंग ॲसिटोनला दाद देत नाही. जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) दिवा असेल तर त्याखाली पाहा. नेफ्राइट सहसा अंधारा राहतो, काही कृत्रिम रंग मात्र चमकतात.

यातला सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे खरा नदीतला गोटा आणि खोटी साल. पांढऱ्या, साल नसलेल्या खऱ्या गोट्याला भाव कमी येतो म्हणून त्यावर रंग चढवतात. तिथे छिद्रं खरी असतात, आकार खरा असतो, आणि पारख्याचाही हात चुकतो. ‘इंचभर जेड देवालाही ओळखता येत नाही’ अशी चिनी म्हण आहे. अशा गोट्याशी गाठ पडली, की मला ती आठवते.

तुमच्या गोट्याबद्दल : त्याचे चार फोटो पाठवा. पण पाण्याने, तेलाने ओला न करता आणि खिडकीच्या उजेडात.

प्रश्न : दुकानदार म्हणाला, ‘हा नदीतलाच आहे, पण रशियातला.’ म्हणजे फसवणूकच ना?

उलट, त्याने खरं सांगितलं असावं. बैकलच्या पलीकडे वितीम नदीच्या खोऱ्यातही पांढरा नेफ्राइट मिळतो आणि नदीत घडलेले, अस्सल सालीचे गोटे मिळतात. ते खोतानच्या नावाने, खोतानच्या भावाने विकले तर फसवणूक.

डोळ्यांनी ठिकाण सांगणारे पुष्कळ भेटतात. रशियाचा पांढरा जरा कोरडा दिसतो, चिंगहायचा पाणीदार आणि त्यात पारदर्शक रेघा असतात, कोरियाच्या दगडात हिरवट-पिवळी झाक असते, असं बाजारात म्हणतात. हे अंदाज आहेत, मीही ते करते, पण त्यांवर सही करत नाही. दगडातल्या अत्यल्प मूलद्रव्यांचं प्रमाण लेझरने मोजून ठिकाणाची शक्यता सांगता येते. त्यासाठी तसं उपकरण आणि ठिकठिकाणच्या दगडांचा नोंदसंग्रह असलेली प्रयोगशाळा लागते.

प्रश्न : खाणीतला जेड म्हणजे हलका माल का? माझी बांगडी खाणीतल्या दगडाची आहे हे कळल्यापासून घालावीशी वाटत नाही.

घाला, आनंदाने घाला. दगड तोच. नदीने वाटेत सैल भाग झिजवून टाकलेला असतो, म्हणून उरलेला गोटा सरासरीने घट्ट निघतो आणि त्याला मान मिळतो, इतकंच. मी ढिसाळ नदीगोटे पाहिलेत आणि लोण्यासारखा खाणीतला दगडही पाहिलाय. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या पदकांत बसवलेल्या जेडच्या चकत्या चिंगहायच्या होत्या, युरुंगकाशच्या नव्हत्या. शिवाय गोटा कापून बांगडी घडवली, घासली, की साल गेली आणि नदीची खूणही गेली. नुसत्या बांगडीकडे पाहून ‘ही नदीतल्या जेडची’ असं छातीठोक सांगणाऱ्यापासून सावध राहा.

प्रश्न : काराकाशचा म्हणून काळा गोटा घेतला. काळा जेड खरंच असतो का?

असतो, आणि फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेलेला ह्युएनत्संग परतीच्या वाटेवर, इ. स. ६४४ च्या सुमारास, खोतानला थांबला होता. तिथे पांढरा आणि काळा जेड मिळतो असं त्याने लिहून ठेवलंय.

काळा म्हणून विकला जाणारा नेफ्राइट दोन प्रकारचा. एकात पांढऱ्या किंवा करड्या दगडात ग्रॅफाइटची पूड विखुरलेली असते, शाईचे थेंब पाण्यात पसरावेत तशी. दुसरा मुळात गडद हिरवा असतो, लोहामुळे. अंधाऱ्या खोलीत त्याच्या पातळ कडेमागे टॉर्च धरा, कड हिरवी उजळते. काळं सर्पेंटाइनही हिरवं उजळतं, म्हणून टॉर्चवर थांबू नका, पाण्यातलं वजन करा.

प्रश्न : ‘अफगाणी जेड’ची दुधाळ बांगडी ऑनलाइन घेतली. दिसायला फार सुंदर आहे.

सुंदर असेल, पण तो संगमरवर, म्हणजे कॅल्साइट. प्रकाशासमोर धरा, थरांच्या समांतर पट्ट्या दिसतील. नेफ्राइटमध्ये अशा पट्ट्या नसतात, पिंजलेल्या कापसासारखा अस्पष्ट पोत असतो. लिंबू आणि व्हिनेगरपासून बांगडी दूर ठेवा, आम्लाने तिचं पॉलिश जाईल.

प्रश्न : आम्ही न्यूझीलंडला असतो. इथल्या नदीतला हिरवा दगड, पोउनामू, हाही जेडच का?

बहुतेक पोउनामू नेफ्राइट आहे, दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या नद्यांतला. पण माओरी लोक ‘टांगिवाई’ नावाच्या काचेसारख्या पारदर्शक दगडालाही पोउनामूच मानतात, आणि तो खनिजशास्त्राप्रमाणे बोवेनाइट, म्हणजे सर्पेंटाइनचा प्रकार. तिथे ‘खरा-खोटा’ ही आपली विभागणी लादू नये. त्यांच्या दृष्टीने दोन्ही खरे. १९९७ च्या कायद्याने तिथला नैसर्गिक पोउनामू न्गाइ ताहू जमातीच्या मालकीचा झाला, तेव्हा नदीतून उचलण्याआधी त्यांचे नियम जरूर वाचा.

प्रश्न : पुढच्या महिन्यात कामानिमित्त खोतानला जातेय. एक तरी गोटा आणावा असं फार वाटतं. काय काळजी घेऊ?

जरूर आणा. नदीवरच्या पुलाजवळच्या बाजारात हिंडा, पात्रातही उतरा. अठराव्या शतकात छिंग राजवटीत तिथे माणसं खांद्याला खांदा लावून अनवाणी पात्रातून चालायची आणि तळव्याने जेड ओळखून वाकायची. काठावर शिपाई उभा असे, कुणी वाकलं की तो काशाची थाळी (गाँग) वाजवी आणि अधिकारी कागदावर लाल ठिपका काढी. बाहेर आल्यावर ठिपके मोजून तितके दगड घेतले जात. पायाला जे कळायचं ते हेच, अंगभर न संपणारं वळण आणि तो तेलकट मऊपणा. तुम्ही हाताने तेच शोधा.

भिंग, छोटा टॉर्च आणि खिशात मावणारा काटा न्या. पाण्याचा पेला कुठेही मिळतो. ओला गोटा विकत घेऊ नका, पुसून कोरडा होईपर्यंत थांबा. ओलेपणा छिद्रंही लपवतो आणि रंगाची कडही. पिवळ्या दिव्याखाली पांढरेपणा ठरवू नका. केशरी किंवा लालभडक साल पहिल्याच नजरेत भरली तर ती बाजूला ठेवा आणि त्याच टोपलीतला साधा, बिनसालीचा, छोटा गोटा मागा. त्याला रंगवण्याचे कष्ट कुणी घेतलेले नसतात, त्याचा भावही आटोक्यात असतो आणि छिद्रं निवांतपणे पाहता येतात. ‘आत्ताच सापडला’ म्हणणाऱ्याशी प्रेमाने बोला, पण त्याच्या हातातलं काही घेऊ नका.

आणि तिथली एक रीत पाळा. पाहून झालेला गोटा समोरच्याच्या हातात द्यायचा नाही. तो टेबलावर किंवा कापडावर ठेवायचा, आपला हात मागे घ्यायचा, मग त्याने उचलायचा. पडला, फुटला तर कुणाच्या हातून, हा वाद उरत नाही.